पाळकसाहेबांनी न घेतलेली भाकर

रेव्हरंड शांतवन अमोलिक पाच आठवड्यांपूर्वी, मंगळवारी सकाळी सहाच्या सुमारास, अँटॉप हिलच्या सरकारी वसाहतीत मुलीच्या घरी वारले. वय एक्याऐंशी. सव्वासहाला त्यांची मुलगी एस्तर हिचा फोन आला. "काका, बाबा गेले. झोपेतच गेले." मग म्हणाली, "तुम्ही पेपरात लिहाल ना, तर ते 'प्रभूच्या सेवेत आयुष्य वेचलं' वगैरे नको हं. बाबा चिडायचे त्याला." मी विचारलं, मग काय लिहू? ती म्हणाली, "झालं ते लिहा. तुम्हाला माहितीय."

मला माहीत आहे ते असं.

परळला, भोईवाड्याच्या अंगाला, दोन चाळींच्या मधे आमचं चर्च आहे. मनोरा नाही, घुमट नाही. वर पत्रे, आत डावीकडे पुरुषांचे बाक आणि उजवीकडे बायकांचे. आमचे आजे नगर जिल्ह्यातून गिरण्यांत कामाला आले तेव्हा वळकटी आणि देव एवढंच सोबत घेऊन आले, असं अमोलिक म्हणायचे. त्यांचे वडीलही गिरणीतच होते, कांडीखात्यात. अमोलिक नगरला शिकून पाळक झाले आणि गिरण्यांच्या मोठ्या संपाच्या सहा वर्षं आधी आमच्या मंडळीत आले. मी तेव्हा एका दैनिकात वार्ताहर होतो, त्यामुळे मंडळीच्या आठ पानी मासिक पत्रिकेचं संपादन आपसूक माझ्या गळ्यात पडलं. पत्रिकेचं शेवटचं पान पाळकसाहेबांचं. त्यात ते रोजच्या गोष्टी लिहीत. हार्मोनियमची एक पट्टी दाबली की उठायचीच नाही, तिच्याबद्दल. दारातल्या चपलांच्या ढिगातून बरोबर स्वतःचाच जोड शोधणाऱ्या आंधळ्या म्हातारीबद्दल. रातपाळी संपवून थेट उपासनेला येणारे कामगार उपदेशात झोपायचे, त्यांच्याबद्दल त्यांनी लिहिलं होतं की यांना कुणी उठवू नये; जो माणूस देवाच्या घरी झोपतो त्याला ते घर आपलं वाटतं, जे जागे असतात त्यांच्याबद्दल मला तशी खात्री नाही. हंगामाच्या सणाला गावाकडची माणसं वेदीपुढे कणसं आणि भोपळे आणून ठेवतात. आमच्याकडे शेत कुणाचंच नव्हतं. आमच्या वेदीपुढे सुताच्या कांड्या, टॉवेल आणि मांजरपाटाचे तुकडे यायचे. अमोलिक त्या कापडावर हात ठेवून आशीर्वाद मागायचे आणि म्हणायचे, या पिकाला पाऊस लागत नाही, भोंगा लागतो. संपाच्या वर्षी वेदीपुढे दोन भोपळे होते. तेही गावाहून आलेले.

आमच्याकडे चिठ्ठ्यांची एक पद्धत होती. उपासनेला येताना ज्याला जे मागायचं ते त्याने कागदावर लिहायचं, खाली नाव घालायचं आणि कागद दारातल्या टोपलीत टाकायचा. पाळकाने त्या चिठ्ठ्या व्यासपीठावरून वाचायच्या आणि प्रत्येक चिठ्ठीनंतर मंडळीने 'आमेन' म्हणायचं. आधीचे पाळक टोपली आत नेऊन चिठ्ठ्या चाळून घेत. कुणाच्या नवऱ्याची दारू, कुणाची पळून गेलेली मुलगी, अशा चिठ्ठ्या बाजूला पडत आणि त्यांचं पुढे काय व्हायचं ते कुणालाच कळायचं नाही. अमोलिकांनी ते बंद केलं. देवाकडे जाणारा कागद तपासायला मी काही जकात नाक्यावरचा शिपाई नाही, असं ते म्हणाले. तेव्हापासून टोपली दारातून सरळ व्यासपीठावर जाई. ते वरची चिठ्ठी उचलत आणि पहिल्यांदाच, सगळ्यांसमोर, वाचत. लोकांना हे आवडलं होतं. मी पत्रिकेत त्याचं कौतुक छापलं होतं.

संपाला आठ महिने झाले होते. आमच्या बाकांवर संप करणारेच बहुतेक होते, कारण दुसरं कुणी नव्हतंच. अर्धी पुरुषमंडळी गावाला गेली होती. जी राहिली होती त्यांच्या घरातली तांब्या-पितळेची भांडी एकेक करून मोडीत निघाली होती. त्याच सुमाराला काही गिरण्यांनी लोकांना गुपचूप आत घ्यायला सुरुवात केली. आत गेलेला माणूस आतच राहायचा, आतच जेवायचा, खात्यातच झोपायचा. आठ-आठ दिवस बाहेर तोंड दाखवायचा नाही. कारण तो आत आहे हे वस्तीत कळलं तर काय होईल हे त्यालाही माहीत होतं आणि वस्तीलाही.

एलीया थोरात साचे चालवायचे, विणकर होते. वय तेहतीस, दोन मुली. धाकटीला टायफॉइड झाला आणि औषधाला घरात काही उरलं नाही, तेव्हा ते एका सोमवारी पहाटे मागच्या फाटकाने गिरणीत गेले. चाळीत सांगितलं, गावी चाललोय. आम्ही सगळे तेच धरून चाललो होतो. त्यानंतरच्या रविवारी त्यांची बायको रूथ हिने टोपलीत चिठ्ठी टाकली. रूथबाई दुसरी-तिसरीपर्यंत शिकलेल्या. चिठ्ठीत सगळं खरं लिहायचं आणि खाली पूर्ण नाव घालायचं, हे त्यांना लहानपणापासून शिकवलेलं होतं. देवापासून काय लपवायचं?

ती चिठ्ठी तिसरी की चौथी होती, एवढंच मला नक्की आठवत नाही. बाकी सगळं आठवतं. अमोलिक वाचू लागले, "माझे मालक सोमवारपासून गिरणीत आत कामावर आहेत..." आणि थांबले. मी तिसऱ्या बाकावर होतो. ते चार ते पाच सेकंद थांबले असावेत. तिथे कागद मिटता आला असता. "एका बहिणीची विनंती" एवढं म्हणून पुढची चिठ्ठी उचलता आली असती. त्यांनी चष्मा वर सरकवला आणि पुढे वाचलं, "...त्यांच्या जिवाला सांभाळ. शनिवारी संध्याकाळी पोरीला बघायला घरी येणार आहेत, त्यांना सुखरूप आण. रूथ एलीया थोरात."

मंडळी म्हणाली, "आमेन." मीही म्हणालो.

शनिवारी संध्याकाळी एलीया थोरात घरी आले. चाळीच्या मागच्या बोळात त्यांना चौघांनी गाठलं. उजवा हात दगडी पायरीवर धरून त्यावर पहार घातली. चार बोटं गेली. साच्यावर तुटलेला धागा ज्या बोटांनी बांधतात, ती हीच. दुसऱ्या दिवशी आमच्या दैनिकात चार ओळींची बातमी होती, 'अज्ञात इसमांनी मारहाण केली'. बातमी माझी होती आणि 'अज्ञात' हा शब्दही माझाच. एलीयांनी हॉस्पिटलात मला एक नाव सांगितलं होतं, पोलिसांना मात्र सांगितलं नव्हतं. तो माणूस त्या रविवारी माझ्या मागच्याच बाकावर बसून 'आमेन' म्हणाला होता. ते नाव इथेही देत नाही. तो आता हयात नाही आणि त्याची मुलं आहेत.

अमोलिक हॉस्पिटलात गेले तेव्हा मी तिथेच होतो. खाटेशेजारी रूथबाई जमिनीवर बसलेल्या. एलीयांनी पाळकांकडे बघितलं आणि म्हणाले, "पाळकसाहेब, एक विचारू? देवाला माझं नाव माहीत नव्हतं का? का बहिरा झालाय? एवढं ओरडून सांगावं लागलं तुम्हाला." एलीयांनी भिंतीकडे तोंड केलं. आम्ही दहा मिनिटं उभे होतो. जाताना रूथबाई म्हणाल्या, "सलाम, पाळकसाहेब." आमच्यात निरोप घेताना म्हणतात तसं.

त्याच आठवड्यात मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचांची बैठक झाली. मी चिटणीस होतो, इतिवृत्त लिहायला बसलो होतो. अमोलिकांनी सांगितलं, येत्या रविवारी मी व्यासपीठावरून क्षमा मागणार आहे, मंडळीची आणि थोरातांची. पंचांतले ज्येष्ठ, म्हणजे वडील पंच, शेळकेमामा, स्वतः गिरणी कामगार, संपात पुढे असलेले, शांत आवाजाचे गृहस्थ. ते म्हणाले, "बसा, पाळकसाहेब. तुम्ही म्हणाल, मी वाचलं, मला क्षमा करा. मंडळी म्हणेल, केली. मग कुणीतरी उठून विचारेल, वाचलं यांनी, पण इथून बाहेर नेलं कुणी? आहे उत्तर तुमच्याकडं?"

"नाही."

"माझ्याकडं आहे. म्हणून म्हणतो, बसा."

अमोलिक बसले. इतिवृत्तात मी लिहिलं, 'चिठ्ठ्यांच्या पद्धतीबाबत चर्चा झाली. पद्धत बंद करण्याचे ठरले.' त्यावर सर्वांच्या सह्या आहेत.

पुढच्या महिन्याचा पहिला रविवार मेजाचा होता, म्हणजे प्रभुभोजनाचा. आमच्याकडे पाळक भाकर मोडतात, सगळ्यांना देतात आणि शेवटी वडील पंच पाळकांना देतात. ज्याचं कुणाशी वितुष्ट आहे त्याने ते मिटवल्याशिवाय मेजाजवळ येऊ नये, हा आमच्यातला जुना नियम. सासू-सुना, भाऊ-भाऊ शनिवारी रात्री एकमेकांच्या दारी जाऊन हात जोडताना मी लहानपणापासून पाहिलेत. त्या रविवारी सगळ्यांचं झालं. शेळकेमामांनी बशी पाळकांसमोर धरली. अमोलिकांनी हात छातीशी जोडले आणि मान हलवली. नाही. शेळकेमामा काही क्षण तसेच उभे राहिले, मग त्यांनी बशी मेजावर ठेवली आणि वर पांढरा रुमाल पसरला. शेवटचं गीत सुरू झालं. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत, वीस वर्षं, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी हे असंच झालं. बशी पुढे यायची, हात जोडले जायचे, रुमाल पडायचा. कुणी कधी विचारलं नाही. विचारायला उत्तर माहीत नसावं लागतं.

याचा शेवट विचित्र झाला. नंतर जी मुलं मोठी झाली, ज्या सुना बाहेरून आल्या, त्यांना वाटलं ही आमच्या मंडळीची रीतच आहे. सेवकाने स्वतः उपाशी राहून इतरांना वाढायचं, असा त्याचा अर्थ कुणीतरी लावला. एकदा वरिष्ठ पाळक भेटीला आले होते. त्यांनी या नम्रतेचं उपदेशात कौतुक केलं. अमोलिक खाली मान घालून ऐकत होते. त्यांच्या जागी आलेल्या तरुण पाळकांना पहिल्याच मेजाच्या रविवारी एका पंचांनी बाजूला घेऊन सांगितलं, "साहेब, आपल्याकडं पाळक घेत नाही हां." ते बिचारे घेत नाहीत. हे मी अमोलिकांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ हसले, खोकला लागेपर्यंत. मग म्हणाले, "अरुण, एक पाप केलं मी, त्याची यांनी परंपरा केली."

पत्रिकेचं शेवटचं पान मात्र चालू होतं. मारहाणीनंतरच्या महिन्यात त्यांनी माझ्याकडे जो मजकूर दिला तो नेहमीच्या दुप्पट होता. त्यात चिठ्ठी होती, थांबणं होतं आणि पुढे वाचणं होतं. ते का वाचलं याबद्दल त्यांनी लिहिलं होतं, की थांबलो तेव्हाच मला सगळं कळलं होतं; पण न वाचता पुढे गेलो असतो तर लोक म्हणाले असते, हाही शेवटी चिठ्ठ्या दाबणाराच निघाला. सहा वर्षं मी ज्या नियमाचा मोठेपणा मिरवला तो त्या चार सेकंदांत मला माणसापेक्षा जास्त वाटला. मी मजकूर शेळकेमामांना दाखवला. संपादकाने असं करायची गरज नव्हती. त्यांनी तो वाचून परत दिला, एवढंच. मी त्या जागी हार्मोनियमच्या दुरुस्तीवरचं जुनं टिपण टाकलं. अमोलिक पुढच्या रविवारी भेटले तेव्हा म्हणाले, "बरं केलंस. लांब झालं होतं."

पुढच्या वर्षी त्याच महिन्यात त्यांनी तो मजकूर पुन्हा दिला. थोडा कमी करून. मी काढला. त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा, आणखी कमी करून... आम्ही त्यावर कधी भांडलो नाही. ते पाकीट द्यायचे, मी घ्यायचो, अंकात दुसरं काहीतरी यायचं. दोन पानांचं एक पान झालं, पानाचा परिच्छेद झाला. पत्रिका बंद पडली त्या वर्षी पाकिटात एकच ओळ होती, 'थोरातांचं नाव मी वाचलं, आणि मला वाचायला नको होतं.' बातमीदारीत तीस वर्षं मी लोकांचा मजकूर आखडत आलो. एवढा नेमका मजकूर माझ्या हातून कधी झाला नाही. तोही मी छापला नाही.

संप संपला असं कुणी कधी जाहीर केलं नाही. काही लोक परत कामावर गेले, बरेच जाऊच शकले नाहीत आणि मग एकेक करून गिरण्याच बंद झाल्या. ज्यांनी मारलं त्यांचेही साचे गेले आणि ज्याला मारलं त्याचा तर हातच गेला होता. एलीयांना एका ओळखीने गिरगावात, जुन्या कचेऱ्यांच्या सहा मजली इमारतीत लिफ्टमन म्हणून नोकरी लागली. लोखंडी जाळीच्या दाराची लिफ्ट. दार डाव्या हाताने ओढायचं, दांडा डाव्या हाताने फिरवायचा. चर्चमध्ये ते पुन्हा आले नाहीत. रूथबाई मात्र दर रविवारी यायच्या, एकट्या, आणि बायकांच्या बाजूला शेवटच्या बाकावर बसायच्या.

अमोलिक दर महिन्याला एकदा गिरगावला जायचे. मेजाच्या आदल्या दिवशी, शनिवारी. पहिल्यांदा गेले तेव्हा मला सोबत नेलं होतं. आम्ही लिफ्टमध्ये शिरलो. एलीयांनी दार ओढलं आणि समोर बघत विचारलं, "कितवा मजला?"

"कुठलाही," अमोलिक म्हणाले.

"कुठलाही मजला नाय या बिल्डिंगीत. सहा हायेत. बोला."

"सहावा."

सहाव्या मजल्यावर दार उघडलं. आम्ही उतरलो नाही. एलीयांनी दार लावलं आणि लिफ्ट खाली आणली. तळाशी आल्यावर दार उघडून धरलं आणि म्हणाले, "चला, पोचले पाळक स्वर्गातनं परत. व्हा बाहेर, लाईन लागलीय." रांगेतली माणसं हसली. बाहेर आल्यावर मी म्हणालो, पाळकसाहेब, आता बोलायचं होतं. लिफ्टमध्ये तिसरं कुणी नव्हतं, मी सोडून. ते म्हणाले, "म्हणूनच. नाव वाचलं तेव्हा शंभर माणसं होती. क्षमा कोपऱ्यात कशी मागू?" मी म्हणालो, शंभर माणसांसमोर तर शेळकेमामा मागू देणार नाहीत. "नाही देणार," ते म्हणाले. ते जात राहिले. सहावा मजला, वर, खाली. त्यावर त्यांनी पत्रिकेत एक टिपण लिहिलं होतं, नाव-गाव न देता. लिफ्टवाला दिवसभर सगळ्यांना वर नेतो आणि संध्याकाळी स्वतः तळमजल्यावरच असतो. पाळकाचं काम याहून फार वेगळं नाही, असं काहीतरी. ते मी आनंदाने छापलं. वाचकांची पत्रंही आली.

एकदा उपासनेनंतर चर्चच्या पायऱ्यांवर रूथबाईंनी त्यांना अडवलं. मी शेजारीच होतो. एरवी मान वर न करणारी बाई, पण त्या दिवशी थेट बघून बोलली. "पाळकसाहेब, तुम्ही मेजाचं घेत नाही ते माझ्या मालकांपायी, हे मला कळतंय. पण चिठ्ठी कुणी लिहिली? मी. नाव कुणी घातलं, वार कुणी घातला? मीच ना? तुम्ही सगळं तुमच्यावर घेऊन बसलात. तुम्हाला लोक साधू म्हणत्यात. मला काय ठेवलंत हो तुम्ही? मी रोज त्यांना घास भरवलाय सहा महिने. मला कुणी नम्र म्हणलं न्हाई." अमोलिक म्हणाले, "खरं आहे, बाई." त्या म्हणाल्या, "खरं असून काय उपेग," आणि पिशवी उचलून गेल्या. घरी जाताना ते मला म्हणाले, "यावर लिहिता यायला हवं होतं." लिहिलं नाही. किंवा लिहिलं असेल तर माझ्याकडे दिलं नाही.

रूथबाई वारल्या तेव्हा अमोलिकांच्या निवृत्तीला एक वर्ष राहिलं होतं. विधी आमच्याच चर्चमध्ये झाला आणि एलीया आत आले. अठरा-एकोणीस वर्षांनी. पहिल्या बाकावर दोन्ही मुलींच्या मधे बसले, उजवा हात सदऱ्याच्या खिशात. चर्च भरलेलं होतं. शेळकेमामा थकले होते पण आलेले होते. जे लोक चिठ्ठीच्या त्या रविवारी होते त्यांतले निम्मे तरी होते. जिची अमोलिक इतकी वर्षं वाट पाहत होते ती वेळ अशी समोर होती. एलीया आहेत, मंडळी आहे, व्यासपीठ तेच आहे. अमोलिक वर गेले. त्यांनी पुस्तक उघडलं, मिटलं आणि थांबले. एलीयांनी मान वर केली. मी पाहिलं, ते पाळकांकडे बघत होते. अमोलिकांनी पुस्तक पुन्हा उघडलं आणि मृतासाठीची प्रार्थना वाचायला सुरुवात केली. ती शेवटपर्यंत वाचली. नंतर मी विचारलं, का नाही बोललात? ते म्हणाले, "दिवस त्या बाईचा होता. त्यात मी माझं नाव कसं घालू?" हे उत्तर मी तेव्हा मान्य केलं. आता करत नाही. दोन्ही वेळा ते थांबले ते बरोबर जागी, आणि दोन्ही वेळा पुढे त्यांनी समोरचं पान वाचलं.

निवृत्तीनंतर ते अँटॉप हिलला एस्तरकडे राहायला गेले. गुडघे गेले, मग गिरगावच्या फेऱ्या थांबल्या. शेळकेमामा त्यांच्या आधी गेले. त्यांच्या शोकसभेत अमोलिक बोलले आणि चांगलं बोलले. शेवटच्या वर्षात मी त्यांना महिन्यातून एकदा भेटत असे. खिडकीशी बसून ते वर्तमानपत्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचत, निविदा सूचनांसकट. नवे पाळक भाकर आणि पेला घेऊन घरी येत. आजारी सभासदांकडे जातात तसे. त्यांना ते चहा पाजून परत पाठवत. एस्तर वैतागायची. "बाबा, अहो ते दादरवरनं दोन बस बदलून येतात. तुमचा हा हट्ट आहे की श्रद्धा आहे, एकदा ठरवा." ते म्हणायचे, "ठरलं की सांगतो."

शेवटच्या भेटीत त्यांनी मला विचारलं, "आता छापशील का रे?" मी म्हणालो, पत्रिका बंद झाली, पाळकसाहेब. "तुझा पेपर आहे की." मी म्हणालो, मी निवृत्त झालोय. आणि एलीया हयात आहेत, त्यांना न विचारता नाव कसं छापणार? ते माझ्याकडे बघत राहिले. "हे बरोबर आहे," ते म्हणाले. "त्यांना न विचारता नाव वाचायचं नाही." मग त्यांनी पेपर उलगडला. त्यानंतर बाराव्या दिवशी ते गेले.

शिवडीला दफन झालं. साठ-पासष्ट माणसं होती. पंचांनी ठराव वाचला. त्यात 'प्रभूच्या सेवेत आयुष्य वेचलं' हे वाक्य होतं.

त्यानंतर तीन आठवड्यांनी मी गिरगावला गेलो. एलीया थोरात आता नोकरी सोडून त्या इमारतीच्या मागच्या वाडीत थोरल्या मुलीकडे राहतात. दार त्यांनीच उघडलं. ओळखलं. "या, पेपरवाले. बसा." डाव्या हाताने चहा गाळून त्यांनी पेला माझ्यापुढे सरकवला. मी म्हणालो, अमोलिकांवर लिहितोय. तुमचं नाव छापू का, ते विचारायला आलोय.

"चांगलं म्हणून छापणार का वाईट म्हणून?"

"झालं तसं."

"मग छापा. चिठ्ठी पण छापा. रूथचं नाव पण छापा, तिला चाललं असतं. पण मी माफ केलं असं कुठं छापू नका. केलेलं नाय मी."

मी विचारलं, शेवटपर्यंत नाही?

"अहो, मागितली कुठं त्यांनी?" एलीया म्हणाले. "महिन्या-महिन्याला यायचे. येऊन हुबे राहायचे माझ्या शेजारी, भिंतीला टेकून. मी मनात म्हणायचो, आज बोलतील. सहाव्या मजल्यापर्यंत वाट बघायचो, मग खाली येईपर्यंत बघायचो. मुद्दाम हळू आणायचो गाडी. एकदा तर मधेच थांबवली, चौथ्या आणि तिसऱ्याच्या मधे. म्हटलं आता तरी... शब्द नाय. मला काय शंभर माणसं पाहिजे होती? एक माणूस पाहिजे होता, तो तर शेजारीच हुबा होता. मागितली असती तर मी काय केलं असतं, ते मला पण माहीत नाय. पण मागायला तर पाहिजे होती का नाय?"

मग त्यांनी विचारलं, "बरे आहेत ना? अँटॉप हिललाच असतात ना अजून?"

मी सांगितलं, तीन आठवडे झाले.

खालच्या वाडीत कुणीतरी भांडी आपटत होतं. "माती कुठं दिली?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं, शिवडीला. "मला कुणी कळवलं नाय," ते म्हणाले.

कुणाकुणाला कळवायचं याची यादी अमोलिकांनी स्वतःच करून ठेवली होती, नाव आणि पुढे फोन नंबर, त्यांच्या अक्षरात. त्या मंगळवारी सकाळी एस्तरने ती माझ्या हातात दिली. फोन करायचं काम माझ्याकडे होतं. यादीतलं पहिलं नाव एलीया थोरात यांचं होतं. मी दुसऱ्या नावापासून सुरुवात केली.